कोबाल्टची ऑर्गॅनोमेटॅलिक संयुगं आणि कर्करोगावरची औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः रसायनशास्त्र आणि फार्मसीच्या एम.एस्सी., एम.फार्म. व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रमाणं आणि कृती दिल्या आहेत त्या चालू फ्यूम हूड, नायट्रोजन किंवा आर्गॉनची सोय आणि अनुभवी मार्गदर्शक असलेल्या प्रयोगशाळेसाठी. वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी हा विषय नाही.

कोबाल्ट म्हणजे कर्करोगाच्या रुग्णांना देतात तो ‘कोबाल्टचा शेक’ का?

नाही. शेकाच्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी समस्थानिक असतो. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं असतं आणि त्यातून १.१७ व १.३३ एमईव्हीचे गॅमा किरण बाहेर पडतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं ‘भाभाट्रॉन’ हे असंच मशीन. त्यात कोबाल्ट शरीरात जात नाही, फक्त किरण जातात. इथे ज्याची चर्चा आहे तो साधा, किरणोत्सार नसलेला कोबाल्ट-५९. तो औषधाच्या रेणूत बांधलेला असतो आणि जे काही करतो ते रसायनाच्या जोरावर करतो.

ऑर्गॅनोमेटॅलिक कशाला म्हणायचं?

धातू आणि कार्बन यांच्यात थेट बंध असेल तर. कोबाल्ट क्लोराइड, कोबाल्टचं शिफ बेस कॉम्प्लेक्स, कोबाल्ट-अमाइन ही सगळी कोबाल्टची संयुगं खरी, पण त्यांत कोबाल्ट नायट्रोजनला, ऑक्सिजनला किंवा क्लोरीनला बांधलेला असतो. त्यामुळे ती ऑर्गॅनोमेटॅलिक नव्हेत. शोधनिबंध वाचताना हा फरक डोक्यात ठेवा. ‘कोबाल्टची कर्करोगविरोधी संयुगं’ या एकाच मथळ्याखाली दोन्ही प्रकार सर्रास एकत्र येतात, आणि दोघांचं वागणं अगदी वेगळं असतं.

मग मेडिकलमध्ये मिळणारी मिथाइलकोबालामिनची गोळी ऑर्गॅनोमेटॅलिक झाली?

झालीच. त्यात कोबाल्टला मिथाइल गट थेट जोडलेला असतो. बी-१२ जीवनसत्त्वाची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राने १९५६ साली उलगडली. १९६१ मध्ये त्याच्या को-एन्झाइममधला कोबाल्ट-कार्बन बंध दिसला आणि १९६४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. निसर्ग स्वतः असा बंध वापरतो याचं हे सर्वांत ठळक उदाहरण.

मिथाइलकोबालामिनचा रेणूभार सुमारे १३४४ आहे. म्हणजे १५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत कोबाल्ट जेमतेम ६६ मायक्रोग्रॅम भरतो. प्रकाशात हा कोबाल्ट-कार्बन बंध तुटतो, म्हणून गोळ्या प्रकाशरोधक पॅकिंगमध्येच ठेवायच्या. हाच गुण उलट वापरून, बी-१२ ला औषध जोडायचं आणि हव्या त्या जागी प्रकाश टाकून ते सोडवायचं, असेही प्रयत्न झाले आहेत. मात्र बी-१२ ची गोळी घेऊन कर्करोग बरा होतो असा अर्थ यातून काढू नका.

कर्करोगावर कोबाल्टची कोणती ऑर्गॅनोमेटॅलिक संयुगं सर्वाधिक तपासली गेली?

अल्काइन-हेक्झाकार्बोनिल-डायकोबाल्ट. नाव लांबलचक आहे, पण रचना सोपी आहे. दोन कोबाल्ट अणू, प्रत्येकावर तीन कार्बन मोनॉक्साइड, आणि दोघांवर आडवा बसलेला एक अल्काइन. दोन कोबाल्ट आणि अल्काइनचे दोन कार्बन मिळून चतुष्फलक तयार होतो.

इलेक्ट्रॉनांचा हिशेबही नेटका बसतो. कोबाल्टचे ९, तीन कार्बोनिलचे ६, अल्काइनकडून २ आणि कोबाल्ट-कोबाल्ट बंधाचा १, असे १८. धातूच्या अशा संयुगांना ही संख्या स्थैर्य देते. म्हणून हे संयुग खोलीच्या तापमानाला बऱ्यापैकी टिकतं, प्रतिचुंबकीय असतं, त्याचा एनएमआर घेता येतो आणि ते सिलिकाच्या कॉलममधूनही सुखरूप बाहेर येतं. धातू-कार्बोनिलांमध्ये इतका समजूतदार गट क्वचित सापडतो.

अल्काइनमधला कार्बन-कार्बन बंध सुमारे १.२० अँग्स्ट्रॉमवरून १.३३ च्या आसपास लांबतो आणि सरळ रेषेतला रेणू १४० अंशांच्या जवळ वाकतो. औषध बनवणाऱ्याला ही गोष्ट महत्त्वाची. मूळ औषधाचा आकार बदलतो, त्याला मेदस्नेही गाठोडं जोडलं जातं, आणि त्यामुळे ते लक्ष्य प्रथिनात वेगळ्या जागी जाऊन बसू शकतं.

पेशींवरचा परिणाम पहिल्यांदा १९९७ साली युंग, कर आणि सेंटर यांनी दाखवला. पुढे बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत रोनाल्ड गुस्ट आणि इंगो ओट यांच्या गटाने हा विषय तडीस नेला. ते काम नंतर इन्सब्रुक आणि ब्राउनश्वाइग इथे चालू राहिलं.

को-एएसएस म्हणजे काय?

ॲस्पिरिनच्या कार्बॉक्सिलिक आम्लाचा प्रोपार्जिल इस्टर करायचा आणि त्याच्या अल्काइनवर डायकोबाल्ट-हेक्झाकार्बोनिल बसवायचं. सूत्रात १८ कार्बन, १० हायड्रोजन, २ कोबाल्ट, १० ऑक्सिजन. रेणूभार ५०४.१. कोबाल्टचं वजनी प्रमाण २३.४ टक्के. रंग गडद लाल-तपकिरी. या सबंध क्षेत्रातलं हे आघाडीचं संयुग. खालची कृती आणि तपासण्या यालाच धरून आहेत. इतर अल्काइनांना थोड्याफार फरकाने लागू पडतात.

ॲस्पिरिनपेक्षा ते वेगळं काय करतं?

ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज म्हणजे कॉक्स एन्झाइमच्या आत शिरतं आणि तिथल्या एका सेरीनला आपला ॲसिटाइल गट चिकटवतं. त्यामुळे एन्झाइमची वाट बंद होते. २००९ साली ओट, गुस्ट आणि सहकाऱ्यांनी मास स्पेक्ट्रोमेट्रीने दाखवलं की को-एएसएस कॉक्स-२ मध्ये तो सेरीन सोडून काही लायसिनांवर ॲसिटाइल बसवतं. म्हणजे शस्त्र तेच, वार वेगळ्या जागी. त्याच कामात झेब्राफिशच्या भ्रूणांमध्ये पेशींची वाढ आणि बारीक रक्तवाहिन्यांची निर्मिती कमी झालेली दिसली.

आमच्या मते या क्षेत्रातला सर्वांत भक्कम पुरावा हाच. ‘धातू जोडला आणि विषारीपणा वाढला’ हे सांगायला फारशी अक्कल लागत नाही. धातूमुळे औषधाचं लक्ष्यावरचं वर्तनच बदललं, हे अणूच्या पातळीवर दाखवणं अवघड असतं, आणि इथे ते दाखवलं गेलं.

आकडे काय सांगतात?

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात को-एएसएसचा आयसी-५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी सांद्रता) स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर सुमारे १.४ आणि एमडीए-एमबी-२३१ वर सुमारे १.९ मायक्रोमोलर होता. त्याच चाचणीत सिसप्लॅटिन या प्लॅटिनमच्या प्रचलित औषधापेक्षा तो कमी, म्हणजे सरस ठरला. ॲस्पिरिन एकटं या सांद्रतेला पेशींचं काही वाकडं करत नाही.

तरीही एका सेल लाइनवरचा आयसी-५० सिसप्लॅटिनपेक्षा कमी आला म्हणजे औषध सिसप्लॅटिनपेक्षा चांगलं, असं नव्हे. पेशींची घनता, ७२ तास की ९६, सीरम किती, रंग कोणता, यावर हा आकडा सहज दुपटीने हलतो. दोन वेगळ्या निबंधांतले आयसी-५० एकमेकांशेजारी मांडून क्रमवारी लावू नका.

कृती: प्रोपार्जिल इस्टर कसा करायचा?

१० मिलिमोलच्या प्रमाणात: ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल १.८० ग्रॅम, प्रोपार्जिल अल्कोहोल ०.६२ ग्रॅम म्हणजे साधारण ०.६४ मिली, डीसीसी (आम्ल आणि अल्कोहोल जोडणारं अभिकर्मक) २.२७ ग्रॅम, डीएमएपी (उत्प्रेरक) ०.१२ ग्रॅम, कोरडं डायक्लोरोमिथेन ३० ते ४० मिली. आम्ल, अल्कोहोल आणि डीएमएपी एकत्र करून बर्फात थंड करा, डीसीसी थोड्या डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने सोडा, मग खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पांढरा गाळ येतो तो डायसायक्लोहेक्झाइलयुरियाचा. तो गाळून टाका, द्रावण सौम्य आम्ल आणि बायकार्बोनेटने झटपट धुवा, कॉलम करा. पूर्ण उत्पन्न २.१८ ग्रॅम धरा. डीसीसीमुळे त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते. हातमोजे घालूनच वजन करा.

इथे हमखास होणारा घोळ म्हणजे फिनॉलवरचा ॲसिटाइल निघून जाणं. अल्कोहोल जास्त पडलं, डीएमएपी जास्त झालं किंवा अभिक्रिया रात्रभर तशीच ठेवली, की प्रोपार्जिल सॅलिसिलेट तयार होतं. एनएमआरमध्ये १०.५ पीपीएमच्या आसपास एक टोकदार शिखर दिसलं तर तोच समजा. आतल्या हायड्रोजन बंधामुळे हा भेसळ पदार्थ टीएलसीवर (पातळ थर क्रोमॅटोग्राफीत) आपल्या इस्टरच्या वर धावतो. तो इथेच काढा. पुढे त्यालाही कोबाल्ट लागतो आणि मग दोन लाल पट्टे वेगळे करताना नाकी नऊ येतात.

शुद्ध इस्टरच्या खुणा: ४.९ जवळ दुहेरी शिखर, २.५ जवळ अल्काइनचा त्रिक, २.३५ जवळ ॲसिटाइलचं एकेरी शिखर.

कोबाल्ट कसा बसवायचा?

१ मिलिमोल इस्टर म्हणजे २१८ मिलिग्रॅम, आणि १.१ मिलिमोल डायकोबाल्ट ऑक्टाकार्बोनिल म्हणजे ३७६ मिलिग्रॅम. श्लेंक फ्लास्क तीन वेळा निर्वात करून नायट्रोजनने भरा. कार्बोनिल आधी टाका, वायू काढलेलं कोरडं डायक्लोरोमिथेन १० मिली घाला, मग इस्टर ३ ते ५ मिलीमध्ये विरघळवून हळूहळू सोडा. लगेच बुडबुडे येतात. एका अल्काइनमागे कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू निघतात, म्हणजे या प्रमाणात साधारण ४९ मिली वायू.

फ्लास्क बंद ठेवायचा नाही. बबलरमधून वायू हूडमध्येच गेला पाहिजे, आणि मोठ्या प्रमाणात काम असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेजारी हवाच. या वायूला वास नसतो. ‘काही जाणवलं नाही’ याला इथे काही अर्थ नाही.

खोलीच्या तापमानाला एक ते तीन तासांत काम होतं. केशरी-तपकिरी द्रावण गडद लाल होतं, टीएलसीवर मूळ इस्टरचा ठिपका जातो. तापवू नका. उष्णतेने कार्बोनिलचं काळं टेट्राकोबाल्ट डोडेकाकार्बोनिल होतं आणि उत्पन्न घसरतं. सेलाइटच्या छोट्या थरातून गाळा, कमी दाबाखाली ३० अंशांच्या आत आटवा, आणि पेट इथर व इथाइल ॲसिटेटच्या मिश्रणाने सिलिकाचा कॉलम करा. यूव्ही दिवा लागत नाही, पट्टा डोळ्यांना दिसतो. सिलिकाच्या माथ्यावर करडा-जांभळा थर राहिला तर तो मोडलेला कोबाल्ट. त्याला तिथेच राहू द्या. कॉलम अर्ध्या तासात उरकला पाहिजे. जेवायला जाऊन परत येण्याइतका वेळ तो थांबत नाही.

डायकोबाल्ट ऑक्टाकार्बोनिलची बाटली जुनी आहे. वापरू का?

आधी रंग बघा. चांगला माल केशरी ते गडद केशरी स्फटिकांचा असतो. पुरवठादार त्यात थोडं हेक्झेन स्थिरीकरणासाठी घालतात, त्यामुळे वजन करताना ती टक्केवारी लक्षात घ्या. काळी किंवा जांभळट पूड दिसली तर माल मोडायला लागला आहे. थोडा भाग वायूरहित हेक्झेनमध्ये ढवळून गाळा. जे विरघळतं ते कामाचं, काळं उरतं ते नाही. ते काळं उरलेलं हवेत पेट घेऊ शकतं, म्हणून गाळणी कागद कोरडा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

बाटली निष्क्रिय वायूखाली, घट्ट बंद, फ्रीजमध्ये. फ्रीजमधून काढली की खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर आत दव धरतं. बंद बाटलीत कार्बन मोनॉक्साइडचा दाब साठलेला असतो, तेव्हा हूडमध्येच उघडा.

संयुग झालं हे कशावरून म्हणायचं?

सगळ्यात झटपट पुरावा आयआरचा. धातूवरच्या कार्बोनिलचे तीन ठळक पट्टे २०९५, २०५५ आणि २०३० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतात. १८५० जवळ पट्टा दिसला तर मूळ ऑक्टाकार्बोनिल शिल्लक आहे, कारण पुलासारखे बसलेले कार्बोनिल त्यातच असतात. अल्काइनचा ३२९० जवळचा पट्टा नाहीसा झाला पाहिजे.

प्रोटॉन एनएमआरमध्ये २.५ वरचं अल्काइनचं शिखर उडी मारून ६ पीपीएमच्या आसपास जातं आणि शेजारच्या सीएच-टू चं दुहेरी शिखर एकेरी होतं. कार्बन एनएमआरमध्ये १९९ च्या आसपास कार्बोनिलचं रुंद, बसकं शिखर येतं. कोबाल्ट-५९ चं केंद्रक क्वाड्रुपोलर असल्याने ते रुंदच असणार, नमुन्यात दोष नाही.

मास स्पेक्ट्रममध्ये ५०४ चं मूळ शिखर बहुधा दिसत नाही. त्याऐवजी २८-२८ च्या पायऱ्या दिसतात: ४७६, ४४८, ४२०, ३९२, ३६४, ३३६. ही उतरंड म्हणजे कार्बोनिलांची हजेरी. मूलद्रव्य विश्लेषणात कार्बन ४२.९ आणि हायड्रोजन २.० टक्के अपेक्षित. जैविक चाचणीला नमुना पाठवायचा असेल तर हे विश्लेषण टाळू नका. एनएमआरला अकार्बनी कोबाल्ट दिसत नाही.

एनएमआरची सगळी शिखरं पसरट येतात. का?

द्रावणात कोबाल्ट-दोन (म्हणजे +२ ऑक्सिडेशन अवस्थेतला कोबाल्ट) तयार झाला आहे. तो अनुचुंबकीय असल्यामुळे अगदी थोडा असला तरी रेषा पसरवतो. जुन्या ड्युटेरोक्लोरोफॉर्ममध्ये आम्ल असतं, तेही संयुग मोडतं. क्लोरोफॉर्म आधी पोटॅशियम कार्बोनेटवरून किंवा अल्कधर्मी ॲल्युमिनावरून काढा, त्यात नायट्रोजन सोडा, नमुना ड्रॉपरमधल्या बोटभर सेलाइटमधून गाळून ताबडतोब ट्यूबमध्ये घाला आणि लगेच स्पेक्ट्रम घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच ट्यूबचा पुन्हा स्पेक्ट्रम काढून ‘संयुग अस्थिर आहे’ असा निष्कर्ष काढणारे बरेच असतात. अस्थिर बहुतेक वेळा ते द्रावण असतं.

आम्लाबद्दल आणखी एक. कोबाल्टच्या शेजारच्या प्रोपार्जिल कार्बनवर धन प्रभार सहज टिकतो. निकोलस अभिक्रिया याच गुणावर चालते. त्यामुळे इस्टर असलेल्या या संयुगाला बोरॉन ट्रायफ्लोराइडसारखं लुईस आम्ल किंवा तीव्र आम्ल दाखवलंत तर इस्टर तुटून कॅटायन तयार होतो आणि तो मिळेल त्या न्यूक्लिओफाइलला चिकटतो. कोबाल्ट बसवल्यानंतर रेणूत पुढचे बदल करायचे असतील तर ही गोष्ट आधी विचारात घ्या. शक्यतो सगळे बदल आधी करावेत आणि कोबाल्ट शेवटी बसवावा.

स्टॉक द्रावण डीएमएसओमध्ये केलं तर चालेल?

सोयीचं वाटतं, पण आम्ही नको म्हणू. डीएमएसओ आणि अमाइन ऑक्साइड हीच द्रव्यं पॉसन-खांड अभिक्रियेत (अल्काइन, अल्कीन आणि कार्बन मोनॉक्साइड जोडणाऱ्या) कार्बोनिल काढून संयुगाला चालना द्यायला वापरतात. म्हणजे ज्या गटावर तुमचं औषध उभं आहे, तोच गट उखडणारं द्रावक तुम्ही निवडता. त्यापेक्षा डीएमएफ बरं. १० मिलिमोलरचा १ मिली स्टॉक करायला ५.०४ मिलिग्रॅम संयुग लागतं. रोज ताजा करा, अंधारात ठेवा, गोठवून आठवडाभर पुरवू नका. विहिरीत (चाचणीच्या प्लेटमधल्या खळग्यात) द्रावक ०.१ टक्क्याच्या आत ठेवलं तर या स्टॉकमधून जास्तीत जास्त १० मायक्रोमोलर मिळतं, आणि को-एएसएसच्या पातळीच्या संयुगाला तेवढं पुरतं.

याच्या उलट बाजूने एक चूक होते ती सिसप्लॅटिनची. तुलनेसाठी सिसप्लॅटिनही डीएमएसओमध्ये विरघळवलं, तर डीएमएसओ प्लॅटिनमला बांधून त्याची ताकद घालवतं. मग आपलं संयुग फुकटात सरस ठरतं. सिसप्लॅटिन सलाइनमध्येच करायचं.

माध्यमात मिसळल्यावर प्लेट एकदा मायक्रोस्कोपखाली धरा. तपकिरी ठिपके दिसले तर संयुग विरघळलेलं नाही आणि तुम्ही लिहिलेली सांद्रता कागदावरच आहे.

कंट्रोल कोणते ठेवायचे?

प्रकरण इथेच तरतं किंवा बुडतं. या संयुगात तीन घटक आहेत: लिगँड (इथे ॲस्पिरिनचा इस्टर), कोबाल्ट आणि कार्बन मोनॉक्साइड. परिणाम कोणाचा, हे वेगळं करता आलं नाही तर आयसी-५० कितीही लहान असो, त्याचा अर्थ लागत नाही.

निदान एवढे ठेवा. कोबाल्ट नसलेला इस्टर, त्याच सांद्रतेत. मूळ ॲस्पिरिन. कोबाल्ट क्लोराइड, मात्र दुप्पट मोलर, कारण एका रेणूत दोन कोबाल्ट आहेत. १० मिलिमोलर संयुगाच्या तोडीला हेक्झाहायड्रेट ४.७६ मिलिग्रॅम प्रति मिली म्हणजे २० मिलिमोलर लागतं. चौथा कंट्रोल म्हणजे तेच संयुग माध्यमात आधीच पूर्ण मोडू दिलेलं. पाचवा, शक्य असल्यास, ॲसिटाइल गट नसलेलं सॅलिसिलेटचं कोबाल्ट संयुग. तो नेमका सांगतो की काम ॲसिटाइलचं आहे की कोबाल्टच्या गाठोड्याचं.

कोबाल्ट क्लोराइडची एक भानगड आहे. ते पेशींना ऑक्सिजन कमी असल्याचा भास करून देतं आणि हिफ-१ अल्फा हे प्रथिन साठवतं. त्यासाठी सहसा १०० मायक्रोमोलर आणि वर लागतं, म्हणजे आपल्या पल्ल्याच्या बरंच वर. पण तुम्ही ५० मायक्रोमोलर संयुग देत असाल तर कोबाल्ट १०० होतो. तेव्हा हिफ तपासल्याशिवाय ‘नवी कार्यपद्धती’ जाहीर करू नका.

एमटीटी चाचणी करावी का?

संयुग रंगीत आणि क्षपणाच्या भानगडीत पडणारं आहे, आणि एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी रंगद्रव्याचं किती क्षपण करतात यावरून त्या मोजण्याची चाचणी, हीही क्षपणावरच चालते. पेशी नसलेल्या विहिरीत संयुग आणि एमटीटी घालून बघा. रंग आला तर ती चाचणी बाद. क्रिस्टल व्हायोलेट किंवा एसआरबी या रंगांची चाचणी बरी, कारण त्यात माध्यम धुऊन काढलं जातं आणि उरलेल्या पेशींचंच वस्तुमान मोजलं जातं. बर्लिनच्या गटानेही क्रिस्टल व्हायोलेट वापरली होती.

कार्बन मोनॉक्साइड किती सुटतो ते कसं मोजायचं?

प्रचलित पद्धत मायोग्लोबिनची. डायथायोनाइटने क्षपित केलेल्या मायोग्लोबिनचा ५६० नॅनोमीटरजवळचा एकच उंचवटा कार्बन मोनॉक्साइड बांधला की ५४० आणि ५७८ जवळच्या दोन शिखरांत बदलतो. गोम अशी की डायथायोनाइट स्वतःच काही धातू-कार्बोनिलांमधून वायू सोडवतो, हे रुथेनियमच्या संयुगांवर २०१२ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून हिमोग्लोबिनवर किंवा वायूच्या थेट मापनावर ताडून पाहा. शिवाय आपलं संयुग स्वतः दृश्य प्रकाश शोषतं, तेव्हा बेसलाइन वजा करायला विसरू नका.

पेशीत किती गेलं ते?

पेशी थंड बफरने तीनदा धुवा, नायट्रिक आम्लात विरघळवा, ग्राफाइट फर्नेस अणुशोषणाने २४०.७ नॅनोमीटरला कोबाल्ट मोजा आणि प्रति मिलिग्रॅम प्रथिन असं मांडा. मेदस्नेही संयुग प्लास्टिकलाही चिकटतं. पेशी नसलेली विहीर तशीच धुऊन मोजा आणि तो आकडा वजा करा. आणि मोजलेला कोबाल्ट म्हणजे अखंड संयुग नव्हे, कोबाल्ट कुठल्याही रूपात असला तरी मोजला जातो. अखंड आहे का हे पाहायला आयआर मदतीला येतं. १९०० ते २१०० या पट्ट्यात पेशीतलं जवळपास काहीच शोषण करत नाही, त्यामुळे धातू-कार्बोनिल तिथे उठून दिसतो. पॅरिसमधल्या जेरार झावाँ यांच्या गटाने याच मोकळ्या खिडकीवर रक्तातली औषधं मोजण्याची कार्बोनिल-मेटॅलो इम्युनोॲसे ही पद्धत उभारली.

महाराष्ट्रात या चाचण्या कुठे करून मिळतात?

सेल लाइन पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या म्हणजे एनसीसीएसच्या भांडारातून मिळतात. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये एसआरबी पद्धतीने कर्करोगविरोधी संयुगं तपासून देण्याची सोय आहे. उपकरणांसाठी आयआयटी मुंबईचं सैफ हे उपकरण केंद्र. नमुना पाठवताना ‘डीएमएसओमध्ये विरघळवू नये, प्रकाशापासून जपावे, ताजे द्रावण करावे’ हे अर्जातच लिहा आणि बाटलीवरही चिकटवा. बहुतेक सेवा केंद्रांची ठरलेली पद्धत डीएमएसओचीच असते. कोणी विचारलं नाही म्हणून तुम्ही सांगितलं नाही, तर महिनाभराने येणारा अहवाल मोडलेल्या संयुगाचा असेल.

कोबाल्टोसीन आणि कोबाल्ट-तीनच्या औषधांचं काय?

कोबाल्टोसीनियम हा १८ इलेक्ट्रॉनांचा, पाण्यात विरघळणारा, अत्यंत टिकाऊ धन आयन आहे. तो स्वतः पेशी मारत नाही. पेप्टाइडला जोडून पेशीच्या केंद्रकात माल पोचवायला तो वापरला गेला आहे. एकट्या कोबाल्टोसीनमध्ये १९ इलेक्ट्रॉन असतात आणि तो हवेत लगेच ऑक्सिडाइझ होतो, त्यामुळे औषध म्हणून त्याचा विचार सोडा.

कोबाल्ट-तीनची प्रोड्रग (शरीरात गेल्यावर सक्रिय होणारी औषधं) ऑर्गॅनोमेटॅलिक नाहीत, पण कल्पना देखणी आहे. गाठीत ऑक्सिजन कमी असतो. तिथे कोबाल्ट-तीनचं क्षपण होऊन कोबाल्ट-दोन झाला की बंध ढिले पडतात आणि बांधलेलं औषध सुटतं. ऑकलंडमध्ये नायट्रोजन मस्टर्डवर आणि सिडनीत मॅरिमास्टॅट या प्रायोगिक औषधावर हे काम झालं.

कोबाल्ट विषारी नाही का?

मात्रेवर आहे. १९६० च्या दशकात क्युबेकमध्ये बिअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्ट सल्फेट घालत, आणि ती भरपूर पिणाऱ्यांमध्ये हृदयाच्या स्नायूचा जीवघेणा आजार आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आयएआरसी कोबाल्ट धातू आणि विरघळणारे कोबाल्ट-दोनचे क्षार २-अ गटात, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ यात धरते. कर्करोगावरच्या औषधातून शेवटी कोबाल्ट-दोनच उरणार असेल तर तो कुठे जातो, किती दिवस राहतो, याचं उत्तर द्यावंच लागेल.

यातलं एखादं औषध बाजारात आहे का? रुग्णाला मिळू शकेल?

नाही. अल्काइन-कोबाल्ट कार्बोनिल वर्गातलं एकही संयुग कर्करोगावर मंजूर झालेलं नाही. पाण्यात न विरघळणं, रक्तात अखंड न टिकणं आणि सुटणारा कोबाल्ट व कार्बन मोनॉक्साइड ही त्यामागची उघड कारणं. रुग्ण किंवा नातेवाईक हे वाचत असतील तर उपचाराबद्दल आपल्या ऑन्कॉलॉजिस्टशीच बोला. ‘कोबाल्टयुक्त’ म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका.

उंदरांवर प्रयोग कधी करायचा?

संयुग प्लाझ्मात किती वेळ टिकतं हे कळल्यावर. उंदराच्या प्लाझ्मात कार्बॉक्सिलइस्टरेज भरपूर असतं, माणसाच्या प्लाझ्मात ते जवळपास नसतं. त्यामुळे इस्टर असलेलं संयुग उंदरात मिनिटांत तुटू शकतं आणि निकाल उगाच निराशाजनक येतो. आधी ३७ अंशांना दोन्ही प्लाझ्मांत ठराविक वेळाने नमुने काढून आयआर आणि एचपीएलसी करा. इस्टरऐवजी अमाइड किंवा इथरचा दुवा घालायचा का, हे त्यावर ठरेल. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी अर्थातच आधी.

उरलेल्या कार्बोनिलची विल्हेवाट कशी लावायची?

ऑक्टाकार्बोनिल पाण्यात ओतून बेसिनमध्ये सोडणं हा पर्यायच नाही. निष्क्रिय वायूखाली टीएचएफमध्ये पातळ करा, बर्फात ठेवा, आणि आयोडीनचं टीएचएफमधलं द्रावण थेंबाथेंबाने घाला. बुडबुडे थांबून आयोडीनचा तपकिरी रंग टिकायला लागला की झालं. १ मिलिमोल ऑक्टाकार्बोनिलमधून ८ मिलिमोल, म्हणजे जवळजवळ २०० मिली कार्बन मोनॉक्साइड निघतो, तेव्हा फ्लास्क उघड्या बबलरवर आणि हूडची काच खाली. एका वेळी अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. शेवटी उरलेलं आयोडीन थायोसल्फेटने मारा आणि द्रावण कोबाल्टच्या वेगळ्या बाटलीत भरा. सेलाइट, सिलिका आणि गाळणी कागद ओले असतानाच हूडमध्ये ठेवा. हवेत पूर्ण मोडून ते जांभळट-करडे झाले की मगच लेबल लावून धातूच्या घातक कचऱ्यात द्या.